लवू परबाच्या शोकसभेतली शांतता

सुशांत परबाच्या नरड्यातून ‘हुप्प!’ निघालं की मुलुंडच्या डोंगरावरची माकडं उलट साद घालायची. खोटं वाटत असेल तर माकडांना विचारा. त्यांतलं एक म्हातारं तर सोयरीक जुळवायला बिल्डिंगच्या गेटापर्यंत येऊन गेलं होतं. हुप्प झालं की मान डावीकडे हिसका खायची. लहानपणापासून हे असंच. देवाला गाऱ्हाणी घालून झाली, बापाच्या थपडा खाऊन झाल्या. तिशीत एका डॉक्टरनं नाव सांगितलं, टुरेट. मेंदूतलं दुखणं, मुद्दाम कोणी करत नाही. बाप, लवू, म्हणाला, “डॉक्टराक काय कळता?” आणि मरेपर्यंत मुलाशी धड बोलला नाही.

त्याच लवूची आज गावकरी मंडळाच्या हॉलात शोकसभा. मंडळाच्या सेक्रेटरीनं, सीतारामानं, सुशांतला दारातच गाठलं.

“दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचंय रे. तू खाली चहाचं बघ ना.”

“माझा बाप गेलाय, काका.”

“म्हणूनच सांगतोय. मध्येच हुप्प केलंस तर वाट लागेल.”

आई, रुक्मिणी, शेजारीच होती. तिनं नुसती मान खाली घातली. ते सुशांतला जास्त लागलं. आज तिला खाली बघायला लावायचं नाही, एवढं ठरवून तो आत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

शांतता सुरू झाली. आवाज नरड्याशी आला. शिंक दाबावी तसा त्यानं दाबला. पण शिंक एखादवेळी जिरते तरी. हा आवाज मात्र शर्ट घामानं भिजवत वर वर येत राहिला. भिंतीवरचं मेलं घड्याळ तंबाखू मळत बसल्यासारखं चाललं होतं. जीभ दातांखाली आली, तोंडात रक्ताची चव आली, तरी सुशांत हलला नाही.

लोक बसले. सीतारामानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. “झकास! मनावर घेतलंस तर जमतं की!”

“म्हणजे इतकी वर्षं मुद्दामच करत होता?” मागून कुणीतरी म्हणालं.

सांगायला म्हणून सुशांतनं तोंड उघडलं आणि कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. हुप्प, मान, खांदा, हुप्प, हुप्प. खुर्ची आडवी झाली.

“झालं, नाटक सुरू,” सीताराम म्हणाला.

रुक्मिणीनं मुलाचा हात धरला. त्याला वाटलं, आई तरी.

“शेवटच्या दिसांत बापूस झोपेसाठी तळमळत होतो,” ती हळू म्हणाली, “तेवा कित्याक नाय रे थांबवलंस?”

उत्तर त्याच्याकडे होतं. पण प्रत्येक शब्दाच्या आधी हुप्प येत गेलं, आणि तिनं हात सोडून पदर तोंडाला लावला.