इच्छापोरच्या रस्त्यावरची हिलमन

भूपेंद्र बोरसे सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्टर होता. कुठल्या कापडावर कोणता रंग किती चढवायचा हे त्याच्या शब्दावर ठरायचं. गेली कित्येक वर्षं ते ठरवता ठरवता त्याला एक सवय जडली होती. आपण म्हटलं तसं झालं नाही, तर चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, असं तो धरूनच चालायचा. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला धावून जायचा, आजारी कामगाराला स्वतः दवाखान्यात नेऊन बसवायचा. पण रंग फिका आला की आधी आवाज चढायचा आणि मग कारण शोधलं जायचं.

हिलाल निकम त्याच मिलमध्ये बॉयलरवर फिटर होता. दोघे अमळनेर तालुक्यातले, गावं शेजारशेजारची. मिलमध्ये हिलाल त्याला 'मास्टर' म्हणे आणि 'तुम्ही' म्हणे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की 'भाऊ' आणि 'तू'. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण त्यात कधी चूकही होत नसे.

मोटार मुळात मिलच्या शेठच्या वडिलांची. १९५१ सालची काळी हिलमन, मिलच्या मागच्या बाजूला रंगाच्या रिकाम्या पिंपांआड पडून राहिलेली. चौऱ्याण्णव साली प्लेगची बातमी फुटली आणि बघता बघता निम्मं सुरत रिकामं झालं. पांडेसऱ्यातली खानदेशी माणसं मिळेल त्या गाडीने धुळे-जळगावकडे निघाली. भूपेंद्रने बायकोला, जयश्रीला, मुलांबरोबर गावी पाठवलं आणि स्वतः मागे राहिला, कारण लॅबच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. हिलाल राहिला, कारण बॉयलर असाच टाकून जाणं त्याला पटेना. मिल बंद, रस्ते ओस. तोंडाला रुमाल बांधून दोघे दिवसभर एकमेकांकडे बघत बसायचे. हिलमनचं बॉनेट आधी कुणी उघडलं यावर पुढे त्यांच्यात कधी एकमत झालं नाही. पण माणसं परतून मिल सुरू झाली, तेव्हा तिचं इंजिन सुटं होऊन पोत्यांवर मांडलेलं होतं. शेठ आले, त्यांनी तो पसारा पाहिला आणि म्हणाले, आता घेऊनच जा ही इथून.

त्यानंतर ती भेस्तानला, भूपेंद्रच्या घरापुढच्या पत्र्याखाली आली. सुट्टीचा दिवस तिचा. जयश्री सुरुवातीला कुरकुरली, मग तिने चहाचे दोन कप पत्र्याखालीच पाठवायला सुरुवात केली. गाडी चालू व्हायला शहाण्णव साल उजाडलं. शहरात जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचा एक क्लब होता. त्याचे सेक्रेटरी केरसीशेठ म्हणून सत्तरीचे पारशी गृहस्थ होते. त्यांनी हिलमन उधन्याच्या रस्त्यावर पाहिली, मागून हॉर्न वाजवत येऊन थांबवली आणि दोघांना क्लबात ओढलं.

क्लबाची शर्यत सत्त्याण्णवच्या जानेवारीत ठरली. इच्छापोरला औद्योगिक वसाहतीतले काही रस्ते तयार होते, पण प्लॉटवर कारखाने अजून आले नव्हते. दोन्ही बाजूंना नुसती वेडी बाभूळ. त्या रस्त्यांचा एक चौकोन धरून, वळणांवर जुने टायर रचून ट्रॅक केला होता. मोटारी सात. सकाळी एक शर्यत, दुपारी दुसरी. चालवणाऱ्याशेजारी एक मदतनीस बसवायची मुभा होती. भूपेंद्र चाकावर बसला आणि हिलाल शेजारी. बघायला मिलमधली बरीच पोरं सायकली हाणत आली होती, आणि त्यांच्यामागून उसाच्या रसाची गाडी आणि चहावाला.

सकाळची शर्यत सुरू झाली तेव्हा हवेत गारवा होता. हिलमन चांगली पळत होती. दोन फेऱ्यांत भूपेंद्र दुसऱ्या नंबरावर आला. पुढे फक्त केरसीशेठची मॉरिस. त्याला मॉरिसच्या मागच्या काचेतून शेठची पांढरी टोपी दिसत होती आणि आता तो दुसरं काही बघत नव्हता.

हिलालचं लक्ष मात्र डॅशबोर्डखालच्या काट्याकडे होतं. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा तो काटा त्याने एका मोडीतल्या ट्रॅक्टरवरून काढून बसवला होता.

"भाऊ, गाडी उभी कर," तो म्हणाला. "काटा वर चालना."

भूपेंद्रने मान हलवली आणि वळण घेतलं. पुढच्या फेरीत हिलालने पुन्हा सांगितलं, या वेळी त्याच्या दंडाला हात लावून. भूपेंद्रने तो हात झटकला. त्यापुढच्या फेरीत बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली, इंजिनाचा जोर गेला आणि हिलमन आपणहून उभी राहिली. तीही नेमकी चहावाल्यासमोर, जिथे सगळ्यात जास्त माणसं होती.

भूपेंद्र दार आपटून उतरला. अहिराणीत बोलला असता तर ते दोघांतच राहिलं असतं. तो हिंदीत बोलला.

"पट्टा ढीला छोड दिया. एक काम बोला था तेरे को."

इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टा आदल्या आठवड्यात हिलालने बदलला होता, हे खरं होतं. बघ्यांतले दोघेतिघे हिलालच्याच बॉयलर हाउसमधले. ते आधी हसले आणि मग नजर चुकवून इकडेतिकडे बघू लागले.  हिलालने फडक्याने बॉनेट उघडलं, वाफ जाऊ दिली आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. पट्टा ताठ होता. भूपेंद्रलाही ते दिसलं.

"मास्टर, तुम्ही पाणी आणा," हिलाल म्हणाला. "घाई नाही. इंजिन निवल्याशिवाय ओतता येणार नाही."

फाटकाबाहेर हिलालने 'मास्टर' म्हणायची ही पहिलीच वेळ होती. भूपेंद्रने डबा उचलला आणि तो रसवाल्याकडे गेला. रसवाला आपल्या पिंपातलं पाणी द्यायला नाखूश होता, त्याची मनधरणी करण्यात बराच वेळ गेला. शर्यत तोवर संपली होती. केरसीशेठ पहिले आले होते, आणि आता ते हिलमनपाशी येऊन उभे होते. हिलाल गाडीखाली होता. रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारा खालचा रबरी पाइप त्याने काढला होता आणि दोन बोटं आत घालून काहीतरी ओढत होता.

जे बाहेर आलं ते कापड होतं. भिजून पिळवटलेलं, लांबट, पांढरं सुती कापड, त्यावर ओळीने रंगांचे चौकोन: पोपटी, राणी, मोरपंखी, पुन्हा पोपटी जरा गडद. लॅबमध्ये रंगाची छटा जुळवताना अशा पट्ट्यांवर आधी रंग लावून बघतात. त्या पट्ट्या भूपेंद्रच्या टेबलावरून बाहेर जात नसत. घरी आणायचा तो एकटाच, हात पुसायला.

भूपेंद्रला सगळं लख्ख आठवलं. पाइप बदलला त्या दिवशी हिलाल पाळीवर होता. पाइप चिरलेला दिसला म्हणून आपणच नवा बसवायला घेतला, रेडिएटर ठिबकत होता म्हणून तोंडाशी पट्टी कोंबली. मग जयश्रीच्या माहेरची माणसं आली, त्यांच्याशी बोलत बोलतच पाइप चढवून आवळून टाकला. हळू चालवताना पाणी पट्टीच्या कडेने जात राहिलं असणार. आज जोरात पळवल्यावर ती आत ओढली जाऊन अडकली.

शेठनी वाकून विचारलं, काय निघालं?

हिलालने पट्टी मुठीत चुरगाळली आणि हत्यारांच्या पेटीत खाली सरकवली.

"कचरा," तो म्हणाला. "जुन्या रेडिएटरचा."

शेठनी मान डोलावली आणि जुन्या रेडिएटरांबद्दल स्वतःचा एक अनुभव सांगायला घेतला. भूपेंद्र पाण्याचा डबा घेऊन उभा होता. बोलायचं तर हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. बॉयलर हाउसची पोरंही अजून तिथेच होती. तो डबा खाली ठेवून मुकाट पाइप धरायला बसला.

पाइप चढवला, पाणी भरलं, इंजिन एका दमात चालू झालं. पण रेडिएटरच्या तोंडाशी पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. हिलालने ते बराच वेळ पाहिले. मग त्याने सांगितलं की गाडी तापल्यावरही पळवली, त्यात हेडचं गास्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं सील, कुठेतरी जळलंय. चालेल, पण किती चालेल ते सांगता येणार नाही. दुपारच्या शर्यतीत उतरवायची की इथूनच घरी न्यायची, हे भूपेंद्रने त्यालाच विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं," हिलाल म्हणाला.

मिलमध्ये हे वाक्य भूपेंद्र रोज ऐकायचा आणि त्याला ते आवडायचं. आज आवडलं नाही. उतरवू, असं तो म्हणाला खरा, पण आवाज नेहमीचा नव्हता.

जयश्रीने दोघांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दिला होता. भाकरी अर्धी अर्धी केली आणि एकाने बॉनेटच्या या बाजूला, दुसऱ्याने त्या बाजूला उभं राहून खाल्ली.

दुपारी सकाळच्या नंबराप्रमाणे गाड्या लावल्या. हिलमन सगळ्यात मागे. झेंडेवाला अजून पुढच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होता. भूपेंद्रने चाक दोन्ही हातांनी धरलं होतं आणि नजर समोर होती.

"ते फडकं मन्हं व्हतं," तो म्हणाला.

"माले माहीत शे."

"मंग बोलना का नही?"

हिलालने काट्याच्या काचेवरून बोट फिरवलं. "तू बोलशी म्हनीसन थांबनू."

तेवढ्यात झेंडा पडला.

या खेपेला त्याने गाडी वेगळी हाकली. सरळ रस्त्यावर इंजिनाला ताणलं नाही आणि वळणावर वेग मोडू दिला नाही. हिलाल मधून मधून काटा कुठे आहे ते सांगे, आणि भूपेंद्र ऐकून पाय हलका करी. ताण दिला नाही म्हणूनच की काय, हिलमन सकाळपेक्षा नीट पळाली. एकेक करत पाच गाड्या मागे पडल्या. शेवटची फेरी लागली तेव्हा पुढे पुन्हा मॉरिसच होती, आणि अंतर सकाळपेक्षा कमी होतं. मॉरिस वळणावर रुंद जाते हे त्याने हेरून ठेवलं होतं. पुढच्या वळणाला आतून घुसायचं त्याने मनाशी पक्कं केलं.

"भाऊ," हिलाल म्हणाला. "आते बंद कर."

भूपेंद्रने काट्याकडे पाहिलं. काटा अजून लाल रेघेच्या अलीकडे होता. पण हिलाल काट्याकडे बघतच नव्हता. मान तिरकी करून तो इंजिनाचा आवाज ऐकत होता. भूपेंद्रला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. वळण समोर आलं, मॉरिस रुंद गेली, आतली जागा मोकळी झाली.

त्याने किल्ली फिरवली.

आवाज एकदम थांबला. फक्त टायर वाजत राहिले. हिलमन आपल्याच वेगात वळणापर्यंत गेली, कडेला बाभळींशी उभी राहिली, आणि मागे टाकलेल्या पाचही गाड्या एकामागून एक तिच्या शेजारून निघून गेल्या. भूपेंद्रला आपण काही मोठं केलं असं वाटलं नाही. हळहळ वाटली. रागही आला, फक्त तो कुणाचा हे त्याला सांगता आलं नसतं. हिलाल उतरून बॉनेटपाशी गेला. हेडच्या कडेने उकळतं पाणी सिलिंडरावरून ओघळत होतं.

केरसीशेठ शर्यत जिंकून जीपने परत आले. ते वयाने मोठे आणि बोलायला मोकळे. दोनदा दगा देणारा मेकॅनिक बदलायला हवा, असं ते हसत हसत गुजरातीत म्हणाले. मनात काही ठेवून नव्हे. मागे बॉयलर हाउसची पोरं सायकली धरून उभी होती.

"वांक मारो हतो, शेठ," भूपेंद्र म्हणाला. "सवारे पण मारोज. पाइपमां हुं फडकुं भूली गयेलो." चूक आपलीच होती, हेच मग पोरांकडे वळून हिंदीत सांगितलं, सकाळी जितक्या मोठ्याने बोलला होता तितक्याच मोठ्याने.

शेठना यात इतकं जाहीर करण्यासारखं काय होतं ते समजलं नाही. होतं असं, म्हणून ते निघून गेले. एका पोराने पुढे होऊन गाडी ढकलायला हात लावला. हिलाल बॉनेटमध्ये डोकं घालून होता. त्याने वर पाहिलं नाही, पण दोरी कुठे बांधायची ते अहिराणीत ओरडून सांगितलं.

मिलचा टेम्पो आला होता, त्याच्या मागे हिलमन बांधली. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं चाक सांभाळायला हिलाल बसला, कारण ब्रेक त्यानेच बसवले होते आणि ते किती धरतात हे त्याच्या पायाला ठाऊक होतं. टेम्पोच्या मागच्या दिव्यांचा पत्ता नव्हता. म्हणून भूपेंद्र टेम्पोच्या हौद्यात मागे तोंड करून बसला. ड्रायव्हर ब्रेक दाबणार असला की काच ठोकायचा, मग भूपेंद्र हात वर करायचा आणि हिलाल हिलमनचा ब्रेक दाबायचा. नाहीतर ती टेम्पोवर येऊन आदळली असती.

अडाजण मागे पडलं, तापीचा पूल आला. पुलावर रविवारची गर्दी होती, टेम्पो पावलापावलाला थांबत होता. भूपेंद्रचा हात खांद्यापासून भरून आला. एकदा त्याने दुसरा हात वर केला, तर हिलाल काचेआडून गोंधळून बघू लागला, म्हणून त्याने पुन्हा पहिलाच उचलला. दोरी सैल पडे, ताणली जाई. पूल उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांवरून नजर काढली नाही.