शिश्याची पट्टी

"कागदावर काय मारायचं ते मार बाबा. पर ज्यात जीव हाय, त्याच्यावर नेम धरू नगंस. हात दे हितं. बोल, न्हाई धरणार."

आई जाऊन किती तरी वर्षं झाली होती. पण संस्थानच्या शिलेखान्यात, बंदुका आणि तेलाच्या त्या वासात पाऊल टाकलं की रामगोंडाला तो आवाज ऐकू यायचा. पोलिसात भरती व्हायला तो सांगलीला निघाला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरून तसं म्हणवून घेतलं होतं. पुढं जैन रीतीनं अन्नपाणी सोडून, णमोकार मंत्र ऐकत ती शेवटची पडून राहिली. वाचा गेली, तरी तिनं तेच मनगट चाचपून धरलं आणि नुसती त्याच्याकडं बघत राहिली. "व्हय आई, ध्यानात हाय," असं तो म्हणाला, तेव्हा तिनं हात सोडला.

आज त्या हाताला घाम सुटला होता.

"बघतोस काय नुसता? उचल की रं हवालदार," तात्याबा म्हणाला. "नवरी बघायला आलाईस व्हय?"

तात्याबा हा शिलेखान्यातला म्हातारा कारागीर. त्यानं गोणपाटावर दोन पिस्तुलं मांडली होती. एक जुनं, सहा घरांचं, जड. गेली कैक वर्षं रामगोंडा तेच घेऊन साताऱ्याच्या नेमबाजीच्या सामन्याला जायचा आणि चांदीचा पेला घेऊन परत यायचा. दुसरं नवं, हलकं, चपटं. मुठीत घेतलं की काही घेतलंय असं वाटूच नये.

रामगोंडानं हात लांबवून हलकं पिस्तूल उचललं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खिळा, भिंतीवरच्या खुणेभोवती नाचायला लागली.

"दिसलं का?" तात्याबा हसला. "जड पिस्तूल हाताचं कापरं गिळून टाकतंय. ह्ये हलकं पोटातलं समदं बोलून दाखवतंय. आन् चाप तर बघ, म्हशीच्या दाव्यागत वढावा लागतोय. तू वढशील आन् नळी जाईल तिकडं मिरजेला."

"ह्येच द्या," रामगोंडा म्हणाला.

तात्याबाचं हसू थांबलं. "येड लागलंय का?"

"मनगट दुखतंय तात्या. जड पेलवत न्हाई."

हे खोटं होतं. जन्मात असं सरळ, नितळ खोटं तो बोलला नव्हता. ज्या माणसानं त्याला चकाकू नये म्हणून माशीवर काजळी कशी धरायची ते शिकवलं, श्वास सोडून मधल्या शांत जागेत चाप कसा दाबायचा ते शिकवलं, त्याच्याच तोंडावर तो बोलला होता. तात्याबानं त्याचं मनगट हातात घेतलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. रामगोंडा कळ आल्यासारखा शहारला. तेही खोटंच.

"बरं," तात्याबा म्हणाला. "ठिऊन जा माझ्यापाशी."

गोष्ट अशी होती. बेचाळीस सालच्या चळवळीत कितीतरी पोरं घरदार सोडून साताऱ्याकडच्या डोंगरात गेली होती. दोन वर्षं झाली, पोलिसांना ती सापडत नव्हती. यंदा सामन्याआधी हुकूम निघाला होता, की पहिले तिघे नेमबाज डोंगरात शोधाला जाणाऱ्या पथकात घ्यायचे. दिसेल त्याच्यावर गोळी घालायची. त्या डोंगरात रामगोंडाचा मेहुणा जिनदत्त होता. गावच्या शाळेत मास्तर होता. एक दिवस फळ्यावरची बेरीज अर्धी टाकून जो गेला, तो गेलाच.

आणि हे पोलिसांच्या मोठ्या साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी रामगोंडाला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "पाटील, तुझ्या मेहुण्याचं माझ्या कानावर आहे. यंदा तुझा नेम मी स्वतः बघणार. मुद्दाम चुकलास असं मला दिसलं, तर तू कोणाच्या बाजूचा हे मी लिहून टाकीन."

नेम लागला तर डोंगर. मुद्दाम चुकला तर तुरुंग. मधे एकच फट होती. पिस्तूल असं घ्यायचं, की चुकला तरी कुणाला नवल वाटू नये.

पोलिसांच्या चाळीत त्याची खोली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्या घरचा नेम. त्याच्या बायकोनं, राजमतीनं, ताट वाढलं आणि ती घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळत बसली. त्यानं तिला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. भिंतीपलीकडं गुंडाचं बिऱ्हाड होतं. गुंडा म्हणजे नवा, तरणा शिपाई, रामगोंडाच्याच हाताखाली नेम शिकलेला.

राजमतीनं ऐकून घेतलं. फडक्यात अडकलेला बारीक जीव तिनं पाण्याच्या धारेनं अलगद परत बादलीत सोडला. मग म्हणाली, "आवं, आत्याबाईंनी जीवावर नेम धरू नगा म्हणून सांगितलं. खोटं बोला, आसं सांगितलं व्हतं का?"

"मग काय करू? नोकरीचा पट्टा टाकून येऊ? खोली जाईल. वर बेड्या घालतील."

"म्या काय म्हणतीया का टाका म्हणून?" तिचा आवाज चिरकला. तिनं भिंतीकडं पाहून तो पुन्हा खाली आणला. "माझा भाऊ हाय त्यो. तुमी चुकवाच नेम. खोट्याचं पाप मी घेते माझ्या माथ्यावर."

"आसं घेता येतंय व्हय? ज्याचं करम त्याला."

"ठाव हाय," ती म्हणाली. "म्हणून तर भ्या वाटतंय."

ताटातली भाकरी तशीच राहिली. दिवस मावळला. त्यानं हात धुतले.

सामन्यासाठी सगळे, तात्याबासुद्धा, साताऱ्याला लॉरीनं गेले. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती लॉरी चढ आला की धापा टाकायची आणि शिपाई उतरून ढकलायचे. रामगोंडानंही खांदा लावला. मनात म्हणाला, इथंच मोडून पडू दे. पण ती पोचली.

अजिंक्यताऱ्यावरून गार वारा येत होता. मैदानाच्या टोकाला मातीचा बंधारा, त्याच्यापुढं काळा गोल काढलेले कागद. गुंडानं आधीच सगळे बार काळ्यात घातले होते आणि तो शीळ घालत फिरत होता. "वस्ताद, आवंदा पेला माझ्या घरला! तुमच्या मनगटाला झालंय काय? वयनी लय दळण देत्यात वाटतं!" शिपाई हसले. रामगोंडाही हसला. ओठ कोरडे पडले होते, ते दातांना चिकटले.

तात्याबानं फडक्यात गुंडाळलेलं हलकं पिस्तूल पुढं केलं. रामगोंडानं ते हातात घेतलं.

पिस्तूल बदललं होतं. मुठीला त्याच्या तळव्याच्या मापानं कोरलेली सागाची फळी. नळीखाली तारेनं घट्ट आवळलेली शिश्याची पट्टी. हात लांबवला, तर माशी काळ्या गोलाखाली येऊन दिव्याच्या ज्योतीसारखी स्थिर उभी राहिली.

"पट्टीनं नळी डुलायची थांबली," तात्याबा त्याच्या कानाशी म्हणाला. म्हातारा खुशीत होता. "जड बी न्हाई, हलकं बी न्हाई. आन् चाप घासलाय, दोरीला वजनं टांगून बघितलं. लोण्यागत जातोय. मनगट दुखतंय म्हणालास, मग मला चैन पडंना गड्या."

खोटं सांगितलं, त्याचं असं फळ आलं होतं.

त्याचं नाव पुकारलं. मोठे साहेब दुर्बीण घेऊन चार पावलांवर उभे होते. त्यानं श्वास घेतला, सोडला. दरवेळी त्या शांत जागेत तो मनात 'णमो अरिहंताणं' म्हणायचा. आज म्हणाला नाही. चाप हिसकला. गोळी कागदावरून जाऊन मातीत घुसली.

साहेब पुढं आले. त्यांनी पिस्तूल घेऊन उलटंसुलटं केलं. "हे कसलं गबाळं? ही पट्टी कोणी बांधली?"

"म्या, सायेब," तात्याबा म्हणाला.

"म्हणजे चांगल्या पिस्तुलाचं वाटोळं तू केलंस. म्हातारा झालास तू. सांगलीला पोचल्यावर शिलेखान्याची किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं."

तात्याबानं रामगोंडाकडं पाहिलं. चाप कसा हिसकला हे त्याच्याइतकं त्या मैदानात दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं. आता हा बोलणार. एक शब्द, की संपलं.

"व्हय सायेब," तात्याबा सावकाश म्हणाला. "चूक माझीच. डोळं म्हातारं झाल्यात. पट्टी वाकडी बसली असंल."

शिलेखान्यावाचून त्या म्हाताऱ्याला दुसरं घर नव्हतं. बायको गेली होती, मूल नव्हतं. त्या तेलाच्या वासात तो जगत होता.

"पिस्तुलाची चूक न्हाई," रामगोंडा म्हणाला. आवाज आपलाच का, असं त्याला वाटलं. "पट्टी सरळ हाय. हात माझा चुकला."

साहेबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "मग दाखव."

त्यानं हात लांबवला. माशी गोलाखाली येऊन उभी राहिली. श्वास सुटला आणि मधल्या जागेत तोच मंत्र आपोआप आला. कागदाच्या मधोमध भोक पडलं. मग दुसरं, पहिल्याला खेटून. असे उरलेले सगळे बार त्यानं काढले. मागून टाळ्या पडत होत्या आणि त्याला आतून कुणीतरी जमिनीत गाडत चालल्यासारखं होत होतं.

पहिल्या बारामुळं पेला गेला; तो गुंडाला मिळाला. रामगोंडा तिसरा आला. गुंडानं त्याला मिठी मारली. "वस्ताद, आपुन दोघं एका पथकात! परवा निघायचं!"

"तुझ्या म्हाताऱ्याची किल्ली राहू दे त्याच्याकडंच," साहेब जाता जाता म्हणाले.

परतताना लॉरीत तात्याबा त्याच्या शेजारी बसला. बरीच वाट सरल्यावर त्यानं विचारलं, "मनगट कसं हाय?"

"दुखतच नव्हतं तात्या."

"ठाव हाय मला आता." म्हातारा बाहेरच्या उसाच्या फडांकडं बघत राहिला. "सांगायचं हुतंस की रं मला. चाप दगडागत करून दिला आसता."

"भ्यालो."

"मला?"

रामगोंडानं मान डोलावली. तात्याबानं त्याचं मनगट हातात घेतलं आणि पुढच्या चढापर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामगोंडानं आंघोळ केली. चार बोटांत तांदूळ घेऊन तो बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेला, देवापुढं ठेवून आला. खुंटीवरची खाकी काढली, घडी घातली, वर पगडी ठेवली आणि सगळ्यांत वर पितळी बक्कलाचा पट्टा.

राजमती दारात उभी होती. तो म्हणाला, "सायबाला सांगून येतो. खोटं एक सांगून बघितलं, त्ये काय आपल्याला जमत न्हाई. आईला काय बोललो हुतो तेवढं सांगतो."

"धरून ठेवतील."

"ठेवतील."

"भ्या वाटतंय?"

"लय."

ती आत गेली. सकाळी गाळलेलं पाणी तांब्याभर आणून तिनं त्याच्यापुढं धरलं. "दिस मावळायच्या आत या," ती म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आन् न्हाई जमलं, तर तिथलं रात्रीचं काय खाऊ नगा."

"न्हाई खायाचो."

भिंतीपलीकडं गुंडा पेला घासत गात होता. रामगोंडा कपड्यांची घडी दोन्ही हातांवर घेऊन चाळीच्या पायऱ्या उतरला. हात थरथरत होते, आणि पट्ट्याचं बक्कल पगडीच्या बिल्ल्यावर आपटून किणकिण वाजत होतं. सारा जन्म त्यानं तो हात स्थिर ठेवण्यात घालवला होता. आज त्यानं तो आवरला नाही. तसाच, किणकिणत, तो कचेरीच्या वाटेला लागला.