मागच्या पायरीवरचे डबे

चर्चच्या किल्ल्या कायम कमरेला, म्हणून ती किल्लीमावशी. खरं नाव विचारलं तर पोस्टमनसुद्धा बुचकळ्यात पडायचा. पहाटे चर्च उघडायचं, वेदीवरची वस्त्रं धुऊन, इस्त्री करून अंथरायची, कोमेजलेली फुलं बदलायची, बाकांखाली पोरांनी टाकलेले गोळ्यांचे कागद वेचायचे आणि तिथून निघायचं ते गावाच्या दुखण्याखुपण्याकडे. कुणी अंथरुणाला खिळलं की मावशीचा डबा पोचलाच म्हणून समजा.

पण तो पोचायचा मागच्या दाराने. पायरीवर ठेवायचा, कडीसुद्धा न वाजवता चालू पडायचं. डबा कुणाचा ते घेणाऱ्याला ठाऊक असलं तरी त्याने विचारायचं नाही आणि ठेवणाऱ्याने सांगायचं नाही.

"आभार मानायची वेळ आली की घास घशात अडकतो," ती म्हणायची. "माणसाला मान वर करून जेवता आलं पाहिजे."

स्वयंपाक करताना स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी गुणगुणायची:

दारामागं दिवा ठेवू, माघारी ग वळू,
उजेड घेणाऱ्याला, नको हात कळू.

बघता बघता गावाने ही रीत उचलली. भरल्या हाताने जायचं तर मागून आणि चोरपावलांनी. आजाऱ्याकडे पुढच्या दाराने रिकाम्या हाताने जाणं म्हणजे तर लाजच.

आणि एके दिवशी चर्चच्या खिडकीची काच पुसताना मावशी शिडीवरून पडली. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. शहरातली लेक रजा टाकून धावत आली. आल्या आल्या तिने काय केलं, तर मागच्या दाराला कडी घातली आणि वर लोखंडी ट्रंक सरकवून ठेवली. शहरात राहून उघड्या दाराची भीती अंगात मुरली होती. कपडे पुढच्या व्हरांड्यात वाळत पडू लागले, जाणं-येणं सगळं पुढून.

मावशीने खाट पुढच्या खोलीत, दारासमोर घालून घेतली. लोक येतील म्हणून खुर्च्या मांडायला लावल्या. पहिला आठवडा सरला. चर्चमधला प्रसाद घेऊन नवे फादर आले तेवढेच.

"सगळे तुमची आठवण काढतात, मावशी," फादर म्हणाले.

"आठवण काढायला पाय लागत नाहीत, फादर."

दुसऱ्या आठवड्यात तिने खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. लेकीने एकेक करून सरकवल्या. आईची भूक गेली, केस विंचरू देईना. घरातलं मांजर मात्र दिवसेंदिवस फुगत चाललेलं. दूध घातलं तर हुंगायचं आणि उपकार केल्यासारखं तोंड फिरवायचं.

रजा संपत आली. लेक भीत भीत म्हणाली, "आई, माझ्याकडे चल."

इतकी वर्षं या वाक्यावर भांडण ठरलेलं असे. या वेळी मावशी म्हणाली, "चल." लेकीला तो होकार नकारापेक्षा जास्त लागला.

निघायच्या सकाळी वळकटी बांधायला दोरी हवी होती, ती परसात. लेकीने ट्रंक ओढली, कडी काढली. पायरीवर शिंपीणकाकू वाकलेल्या, हातात झाकलेलं पातेलं.

"काकू?"

"मी नाही," काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"तुम्ही नाही तर कोण?"

"कुणी नाही. तू आत जा, म्हणजे मी ठेवते."

"अहो, पण हे कधीपासून?"

"आई पडल्यापासून. वार लावून घेतलेत आम्ही. काल बेकरीवाला, उद्या शाळेतल्या बाई. भांडी कशी चाटूनपुसून मिळतात. आम्ही म्हटलं, मावशीला भूक चांगली लागतेय."

लेकीने कुंपणावर पसरलेल्या मांजराकडे पाहिलं.

"एकदा तरी पुढून यायचं ना, काकू. ती शहरात निघालीय. तिला वाटतंय, गावाने टाकलं."

काकू आता तिच्याकडे वळल्या. "भरल्या हाताने पुढून आलो असतो, तर तिने दुसरा पाय मोडला असता. आमचा." एवढं बोलून त्या थेट आत गेल्या.

मावशीने सगळं ऐकलं होतं. चेहरा लालबुंद.

"म्हणजे मी घेणारी झाले," ती म्हणाली. "नको ग बाई. लेकीचं खाल्लं तर ते घेणं होत नाही. मला जाऊ दे."

लेकीने काकूंच्या हातांकडे पाहिलं. इथे राहायचं तर हेच हात उठवणार, बसवणार, भरवणार. ती स्वतः तर उद्या कामावर असणार. आईला हे जमणार नाही, असं तिला मनोमन वाटत होतं.

काकू खाटेवर टेकल्या. "माझ्या बाळंतपणात पायरीवर डबा कुणाचा यायचा, ते मला ठाऊक नाही असं मी आजवर धरून चाललेय. चालून चालून थकले, मावशी. आता मला समोर बसू द्या." मग निरखून बघत, "आणि हे केस? चिमण्या घरटं बांधतील."

"राहू दे."

काकूंनी ऐकलंच नाही. पाणी तापवलं, उशी काढली, मावशीचं डोकं आपल्या हातावर तोललं, खाली घमेलं सरकवलं. मावशीच्या मुठी चादरीवर घट्ट आवळलेल्या. पहिला तांब्या ओतला तेव्हा तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी ते तांब्याचंच पाणी आहे असं धरलं. बोटं केसांतून फिरत राहिली, हळूहळू मुठी सुटल्या. आईचे हात असे नुसते पडलेले लेकीने कधी पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळाने मावशीने विचारलं, "वेदीवरची वस्त्रं कोण धुतंय?"

"मीच."

"नीळ घालतेस?"

"घालते की."

"कमी घाल. आणि कानात पाणी जाऊ देऊ नकोस."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लेक व्हरांड्यात आली. ड्रायव्हर सामान घ्यायला उतरला होता.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आईचे केस ओले आहेत."