उभं राहायचं दुखणं

माझं सलून आहे. वस्तरा घेऊन एका जागी उभा राहिलो, की माझे पाय थरथरायला लागायचे. चाललो की थरथर गायब! म्हणून मी दाढी करताना गिऱ्हाइकाभोवती घिरट्या घालायचो. लोक म्हणाले, सकाळीच टाकून येतो. मेहुणा म्हणाला, कामाचा कंटाळा, दुसरं काय!

तीन डॉक्टर झाले. प्रत्येकाचा पहिला शब्द एकच, "बसा." बसलो की पाय एकदम शहाणे. मग तपासणार काय, कपाळ? "तुम्हाला काही झालेलं नाही," म्हणून बोळवण.

चौथ्या डॉक्टरीणबाईंकडची पेशंटची खुर्ची दुरुस्तीला गेली होती. उभ्याउभ्या सांगताना पाय थरथरले, तशा त्या चक्क जमिनीवर बसल्या आणि माझ्या पोटरीला स्टेथोस्कोप लावला. मग तो सोबत आलेल्या माझ्या बायकोच्या कानात दिला.

"अगंबाई, हेलिकॉप्टर!" ती ओरडली.

दुखणं म्हणे मेंदूतून येतं, लाखात एखाद्याला होतं. गोळ्यांनी कमी होईल कदाचित, जाणार मात्र नाही. नवरा नाटकी नाही म्हणून बायको आनंदाने रडायला लागली. मी हसावं की रडावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी सलूनच्या मोठ्या खुर्चीत मी बसलो आणि पुढ्यात गिऱ्हाइकासाठी बुटकं स्टूल मांडलं. एक नवीन माणूस आत आला, माझ्याकडे बघून बाकावर टेकला आणि वाट बघायला लागला.

बऱ्याच वेळाने त्याने मलाच विचारलं, "कारागीर कुठे गेलाय हो?"