पक्का खिसा

शिंपीमास्तरांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. खिसा फाटला की शिव्या शिंप्यालाच बसतात, असं म्हणत मास्तर प्रत्येक खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट टाके घालून बारीकसा त्रिकोण पक्का करत. गावातला दुसरा कुठलाच शिंपी एवढा उपद्व्याप करत नसे. शर्ट विरून जाईल, पण तुमचा खिसा तेवढा उरेल, असं बायको त्यांना चिडवायची.

अशाच एका दुपारी मास्तर बोलून गेले, की गिरणीच्या दारात मजुरांवर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसांवर खटला भरायला हवा. मग सभेतही तेच बोलले. ना त्यांनी दगड उचलला, ना काठी. तरी तीन वर्षं सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्यांना शिलाई मशीनवर बसवलं आणि पुढ्यात पोलिसांच्याच वर्द्या टाकल्या. माणसाचा धंदा सुटू नये याची सरकारला केवढी ती काळजी!

भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून बायको हळूच म्हणाली, "अहो, कच्चं शिवा ना. कोण बघतंय?"

"हात ऐकत नाही गं," मास्तर ओशाळून म्हणाले.

त्यांची एकुलती लेक बापाच्या वळणावर गेली होती. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून तिने बापाचंच वाक्य म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात आले. आई धुणं टाकून धावली. लेकीला ओढणाऱ्या शिपायाचा खिसा तिने मुठीत धरला आणि सगळं बळ लावून हिसका दिला. खिसा फाटेना. तिने खाली बघितलं, तर कोपऱ्यावर तो त्रिकोण. नवऱ्याच्या हातचा. इतक्या दिवसांनी घरात आलेला. तिची मूठ आपोआप सैल पडली आणि तेवढ्यात लेकीला गाडीत कोंबलं.

पुढच्या भेटीत मास्तरांनी पहिल्यांदा लेकीचीच चौकशी केली.

"तिला नेलं," बायको म्हणाली. "मी शिपायाचा खिसा धरला होता. पण तुमची शिवण दिसली आणि माझा हात सुटला."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी मशीनला हात लावला नाही. मारहाण झाली, मग अंधारकोठडी झाली. तिथून ते जिवंत बाहेर आले नाहीत. लेकीलाही सक्तमजुरीच झाली. बायकांच्या तुरुंगात ती वर्द्यांना बटणं लावते. बापाच्या मशीनवर आता छापखान्यात खिळे जुळवणारा एक कंपोझिटर बसतो. त्याचा गुन्हाही बोलण्याचाच.

वाचकहो, तुमच्या रस्त्यावर रात्रंदिवस वर्दी उभी असते. तिचा खिसा कुणी शिवला, हे एकदा जवळ जाऊन बघा. बघून झाल्यावर कुणाशी बोलायचं धाडस होतंय का, तेही बघा.