बीपीची रोजची गोळी

दत्तारामांना गोळी गिळायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, तर हे गृहस्थ ती जिभेखाली दडवून मोरीत थुंकायचे. पण प्रेमाकाकूही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एका सकाळी त्या नवऱ्यासमोर ठाण मांडून उभ्या राहिल्या आणि गोळी पोटात गेल्यावर "आ करा" म्हणून जीभसुद्धा तपासली.

थोड्याच वेळात दत्तारामांनी छाती धरली. "प्रेमा, माका श्वास घेवक जमना नाय!" ओठ निळे पडले. शेजाऱ्यांनी रिक्षातून दहिसरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले.

"काही औषध चालू आहे का?"

"छे हो," काकू म्हणाल्या. बीपीची गोळी चाळीत घरोघरी घेतात, तिला कोण औषध म्हणतं?

चार दिवसांत दत्ताराम खडखडीत बरे झाले. घरी आल्या आल्या काकूंनी आधी काय केलं असेल, तर चुकलेली गोळी दिली. पुन्हा तीच गत, पुन्हा तेच हॉस्पिटल, तोंडावर ऑक्सिजन. हा माणूस आता आपल्याला मिळत नाही, असं काकूंच्या मनानं घेतलं.

दोन दिवसांनी दत्ताराम उशाला टेकून बसले. इथे सगळं करतात, पण बीपीकडे कोणाचं लक्षच नाही, असं म्हणत काकूंनी पर्समधून गोळी काढली.

"आ करा."

भीतीनं दत्तारामांची सगळी मस्ती जिरली होती. मास्क खाली ओढून त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

"काय देताय, काकू?" फेरीवर आलेल्या डॉक्टर शर्मिष्ठांनी विचारलं.

"काही नाही गं, बीपीची. रोजची."

डॉक्टरांनी काकूंचं मनगटच धरलं. पाकिटावरचं नाव वाचलं. "पहिल्यांदा दम लागला, त्याच्या आधी हीच दिली होती?"

"हो."

"आणि परवा?"

काकूंनी मान डोलावली.

"हा न्यूमोनिया नव्हेच; फुप्फुसात पाणी भरलं ते या गोळीमुळेच असणार. लाखात एखाद्यालाच होतं. बीपीसाठी दुसरी गोळी देऊ, पण ही पुन्हा कधीच नाही."

काकूंच्या डोक्यात जणू घण पडला. त्यांना मोरीत थुंकताना पकडून आपण किती शिव्या घातल्या! गोळी अजून त्यांच्याच चिमटीत होती. आणि दत्ताराम, ज्यांना यातलं काहीच उमगलं नव्हतं, ते बायकोकडे बघत तसेच तोंड उघडून बसले होते.

"मिटा हो," काकू किंचाळल्या, "तोंड मिटा!"