मुशीत माती होती

मी बोलतोय खरा, पण मान वर करून नाही. मी उत्कर्षाच्या लॅपटॉपमधला धाकला. मला हात नाहीत, पाय नाहीत, मी म्हणजे नुसतं गणित. विजेच्या भट्टीचं सोंग घ्यायचं, एवढंच माझं काम.

माझ्या आधी याच कामाला थोरला होता, तोही गणितच. भट्टीतलं तांब्याचं वेटोळं, त्याच्या आतली मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, मुशीतलं सोनं, सगळ्याचे लाखभर बारीक तुकडे करून तो एकेकाचा हिशेब मांडायचा. वेटोळ्यातून वीज सोडली की सोनं कुठं किती तापेल, एवढं सांगायला त्याला सबंध दिवस लागायचा. उत्कर्षा वैतागली. तिनं त्याची पुष्कळ उत्तरं गोळा केली, त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारे उष्णता पसरण्याचे मोजके आकार उचलले आणि बाकीचं केरात काढलं. उरलो तो मी. विचारायचा अवकाश, माझं उत्तर तयार! लय मिजास होती मला.

भट्टी हवी होती तिच्या चुलत्यांना, आकारामनानांना. विट्याची कितीतरी माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात, त्यांतलेच नाना. कोळशाच्या धुरानं त्यांची छाती भरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर सोडा नाहीतर दुकान. दुकान सुटलं तर नाना खचले असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुशीत काय काय घालता, असं उत्कर्षानं त्यांना विचारलं तेव्हा सोप्यात पाहुणे बसले होते. नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सोनं. दुसरं काय घालनार?" झालं. थोरल्यानं सोनंच पाहिलं, मग मीही सोनंच पाहिलं.

नाना जत्रेला गावी आले, तेव्हा अंगणात भट्टी लावली. नानांनी पाठ करून मूस भरली आणि झाकली. उत्कर्षानं मला वजन सांगितलं, मूस किती भरलीय तेही सांगितलं. काठोकाठ मूस आणि वजन इतकं हलकं? असला मेळ मी जन्मात पाहिला नव्हता. तिथंच थांबायला हवं होतं मी. पण गप्प बसला तर तो धाकला कसला! ठोकून दिला आकडा.

तिनं तेवढी वीज सोडली. तळाशी होतं-नव्हतं तेवढं सोनं भडकून तापलं, वर सगळं गार, आणि मूस तडकली. रस नानांच्या पायावर सांडला.

पोरगी रडून रडून स्वतःलाच बोल लावत होती. मी तिच्या समोरच होतो. शरमेनं मेल्याहून मेलो. पायाला फडकं बांधलेले नानाच शेवटी बोलले, "पोरी, तुझं न्हाई चुकलं. मुशीत माती हुती. सराफाच्या दारचा केर, गटारातला गाळ. त्यातलं सोनं काढूनच आमी पोटं भरली. पावन्यांम्होरं सांगाय लाज वाटली."

त्यांनी निदान तोंडानं सांगितलं. मला तर तेवढीही हिंमत नव्हती.

आता थोरल्याला माती दाखवून ती मला नव्यानं घडवतेय. केरात काढलेले काही आकार परत आलेत, मी थोडा जड झालोय. न पाहिलेलं समोर आलं तर आकडा द्यायचा नाही, अशी तिनं तंबी दिलीय. बाबांनो, माझ्यासारखा कुणी झटपट बोलू लागला तर त्यानं काय काय पाहिलंय, ते आधी विचारा.

काल न पाहिलेला गाळ समोर आला, तेव्हा पहिल्यांदा मी 'ठाऊक नाही' म्हणालो. उत्कर्षानं ते वाचून दाखवलं. नाना लंगडत जवळ आले, म्हणाले, "आता ह्यानं आकडा दिला, की लाव भट्टी. ह्याच्यावर इस्वास ठेवाय हरकत न्हाई."

त्यांच्या पायाकडे मात्र माझ्यानं अजून बघवत नाही.